बोर्ड बरोबर हाय

वणीत मला खोली मिळाली ती माझ्या वजनावर. वशिल्याच्या नव्हे, हाडामांसाच्या.

मी मूळचा बाभुळगावचा. बदली होऊन वणीत आलो तेव्हा कोणीतरी सांगितलं, की हायवेच्या कडेच्या गल्लीत बसस्टँडवरचे एक रिटायर कंट्रोलर खोली देतात, पण माणूस तोलून घेतात. मला वाटलं, बोलायची एक पद्धत असेल. जाऊन पाहतो तर अंगणात खरोखरच कापूस मोजायचा जुना काटा मांडलेला, आणि माझ्याआधी आलेले एक सडपातळ गुरुजी त्यावरून खाली उतरत होते.

"गुरुजी, मानूस तुमी लाखाचे," घरमालक त्यांना समजावत होते, "पन हलके पडता. आमाले नाही पुरनार."

गुरुजी बिचारे पिशवी घेऊन गेले. मग मी चढलो. काट्याचा दांडा असा उसळला, की त्यावर बसलेली चिमणी तिथून उडाली ती थेट पांढरकवड्याला जाऊन बसली. घरमालकांनी मला खालून वर पाहिलं, मागून पाहिलं, एकदा दंडाला हात लावून पाहिला. माझं गाव विचारलं नाही, जात विचारली नाही, लग्न झालं का तेही विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "साहेब, सामान कधी आनता?"

कारण त्या खोलीत माझ्याआधीपासून एक भाडेकरू राहत होता. टेबलावर. सीएनसी मशीन.

शिवणयंत्राएवढी ही वस्तू. पूर्वी असल्या मशिनीसाठी कारखान्यात शेड बांधावी लागायची. आता ती खोक्यातून सुटी सुटी घरपोच येते, आपण मोबाइलवर पाहून पाहून स्क्रू आवळायचे, आणि काकूंच्या मिक्सरपेक्षा ती जराशीच महाग पडते. काकू म्हणजे घरमालकीण. त्यांचं यावर एकच म्हणणं असायचं, "मिक्सरमंदून निदान चटनी त निंघते."

मशिनीचं काम असं: तांब्याचा पातळ पत्रा चिकटवलेली हाताएवढी पाटी तिच्यात घट्ट बसवायची. केसासारख्या टोकाची सुई कॉम्प्युटर सांगेल तशी गरगर फिरत त्या पाटीवरून चालते आणि नको तेवढं तांबं खरवडून टाकते. मागं ज्या रेघा उरतात त्याच वायरी. त्यात पार्ट बसवले, की झालं सर्किट बोर्ड. ज्याला रेडिओ, दिवे, खेळणी घरच्या घरी करायचा नाद आहे त्याला शहरातून बोर्ड मागवायची गरज नाही. काकांना, म्हणजे घरमालकांना, तो नाद होता. आयुष्यभर बसस्टँडच्या माइकसमोर बसून त्यांनी त्या माइकचं पोट रोज उघडलं होतं आणि रोज बंद केलं होतं.

पण काम इतकं नाजूक, आणि गाव वणी. हायवेवरून कोळशाचे ट्रक जातात. आमच्या गल्लीत लोक चहात साखर टाकतात आणि चमचा घेत नाहीत. कप नुसता हातात धरला की ढवळला जातो. मांडणीवरची भांडी आपल्या पायांनी खाली उतरतात. अशा ठिकाणी केसाएवढी रेघ कापायची म्हणजे सुई मोडणार, नाहीतर रेघ नाचणार. काकांनी टेबलाखाली कापसाच्या गाद्या घातल्या. यवतमाळ जिल्ह्यातला माणूस अडचणीत सापडला की आधी कापूसच आठवतो. तर मशीन त्या गाद्यांवर पाळण्यातल्या लेकरासारखी डुलायला लागली. मग त्यांच्या ध्यानात आलं, की मऊपणा नको, वजन पाहिजे. दगडी पाटा ठेवून पाहिला, तो काकूंनी परत नेला. शेवटी भाडेकरू ठेवायचं ठरलं.

म्हणून मी रोज ऑफिसातून आलो, हातपाय धुतले, की टेबलाच्या कडेवर बसायचो. काका खोलीच्या दारात उभे राहून, बंद मुठीचा माइक करून, नाकातल्या आवाजात घोषणा करायचे, "लक्ष द्या! मशीन सुटून राह्यली हाय. भाडेकरूनं टेबल सोडू नये. ज्याले शिकाचं हाय त्यानं आत्ताच शिकून घ्यावं. घरातल्या मंडळीनं खलबत्त्याजवळ जाऊ नये."

आतून काकू ओरडायच्या, "वरनाले फोडनी देऊ का नको?"

"फोडनी थांबवून ठेवा! सिग्नल नाही भेटला!"

फोडणी थांबायची. मोहरी हातात घेऊन काकू उभ्या. टेबलावर मी श्वास रोखून. मशीन आपली डब्यात अडकलेल्या डासासारखी गुणगुणत चाललेली. अशानं माझी प्रकृती इतकी सुधारली की सांगता सोय नाही. श्वास रोखायची सवय झाली, आणि बसून बसून वजन वाढलं. काका खूश. महिन्यातून एकदा मला काट्यावर चढवायचे आणि काकूंना हाक मारून दाखवायचे.

ट्रकांचाही त्यांनी बंदोबस्त केला होता. बसस्टँडवरून निघताना निरोपाच्या शालीबरोबर शिट्टी आणि दोन झेंड्या त्यांनी आठवण म्हणून आणल्या होत्या. एका रविवारी मोठं बोर्ड कापायचं होतं. काका लाल झेंडी घेऊन हायवेवर उभे राहिले. अंगात खाकी शर्ट, तोंडात शिट्टी. ड्रायव्हर लोकांना वाटलं सरकारी माणूस आहे, काहीतरी कारण असेल. ट्रक थांबले. मागचे थांबले. त्यांच्या मागचे थांबले. मी टेबलावर बसलेलो, मला दिसत नव्हतं, पण लोक सांगतात, की रांगेचं शेपूट चंद्रपुरात होतं आणि तिथल्या लोकांना वाटलं वणीत रस्ताच संपला. थांबलेल्या ड्रायव्हरांसाठी कोणीतरी भजी तळायला घेतली. काकांनी हिरवी झेंडी दाखवली तेव्हा अर्धे ट्रक हलायला तयार नव्हते. त्यांचा दुसरा घाणा यायचा होता.

बोर्ड मात्र नागमोडी आलं. इतके ट्रक एका दमात सुटले, तेव्हा शेवटची रेघ बाकी होती.

"चुकलं का काका?" मी विचारलं.

"बोर्ड बरोबर हाय," काका म्हणाले. "रस्ता चुकला."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. चूक कबूल करणं हा प्रकार त्यांच्या अंगातच नव्हता. लोक गोष्ट सांगतात, की नोकरीत असताना एकदा त्यांनी पांढरकवड्याची बस मुकुटबनची म्हणून पुकारली. मुकुटबनची माणसं गाठोडी घेऊन चढली, बस पांढरकवड्याला पोचली. दुसऱ्या दिवशी लोक भांडायला आले, तर काका शांतपणे म्हणाले, "मी मुकुटबन सांगतलं व्हतं. ड्रायव्हरनं पांढरकवड्याले काहून नेली, थे त्याले विचारा." ड्रायव्हर म्हणाला, गाडीवर पाटी पांढरकवड्याची होती. काका म्हणाले, मग पाटी चुकली. मुकुटबनच्या एका म्हाताऱ्यानं तर पांढरकवड्यात सोयरीक जमवून घेतली होती. त्यानं काकांना पेढे दिले. काकांनी ते पुरावा म्हणून सगळ्यांना वाटले.

मशिनीचा पाट, म्हणजे पाटी बसते ती जागा, सपाट नव्हता. एका कोपऱ्यात सुई खोल जायची, दुसऱ्या कोपऱ्यात हवेत फिरायची. चार स्क्रू सैल करून पुन्हा बसवायचे, एवढंच काम. पण काकांनी ओळंबा आणला, पाणी भरलेली ताटली ठेवली, डोळा बारीक करून पाहिलं आणि जाहीर केलं, की पाट सपाट आहे, वणी तिरपी आहे.

"इतका कोयसा काहाडला बाप्पा खालून. गाव एका अंगानं बसनार नाही त काय?"

त्या दिवसापासून घरातल्या प्रत्येक वस्तूच्या डाव्या पायाखाली पुठ्ठा आला. खाटेच्या, टेबलाच्या, फ्रिजच्या. पाहुणा आला, की काका त्याच्या डाव्या चपलेखाली पुठ्ठा सरकवायचे आणि विचारायचे, "आता कसं वाटते?" पाहुणे म्हणायचे, बरं वाटते. काय म्हणतील?

खाजेची गोष्टही सांगून टाकतो. ही पाटी काचेच्या धाग्यांची असते. कापताना तिची जी धूळ उडते ती अंगाला लागली, की माणूस खाजवत सुटतो. काकांनी ही धूळ खिडकीतून फुंकून दिली. खिडकीबाहेर गल्लीचे कपडे वाळत होते. दुसऱ्या दिवशी सगळी गल्ली खाजवत होती. नवरदेव पाहायला आलेले पाहुणे खाजवत होते, नवरदेव खाजवत होता. पाहुण्यांना वाटलं, दोन्ही घरांचं चांगलं जुळतं. आरोग्य खात्याच्या बाई तपासायला आल्या, त्याही खाजवत गेल्या. काका एकटे अंगाला खोबरेल चोपडून निवांत. त्यांनी निदान केलं, "हवामान."

त्यावर काकूंचा संयम सुटला.

काकूंना पिठाची गिरणी टाकायची होती, आणि ती आजची इच्छा नव्हती. आमच्या गल्लीत गिरणी नाही. बायका डोक्यावर दळणाचा डबा घेऊन हायवे ओलांडतात, दोन्हीकडून ट्रक. काकूंनी एकदा ट्रकखाली जाता जाता वाचल्यावर ठरवलं होतं, की रस्त्याकडची खोली रिकामी करून तिथं गिरणी लावायची. वीज आहे, दार रस्त्यावर आहे, गिऱ्हाईक दारात आहे. फक्त खोलीत एक मशीन आहे आणि तिच्या टेबलावर एक जाडा माणूस बसलेला आहे.

"इतक्या दिवसांत तुमच्या मशीननं एक चालनारी वस्तू देली काय?" काकू अंगणात उभ्या राहून, कमरेला पदर खोचून, गल्लीला ऐकू जाईल अशा बोलल्या. "एक? सांगा. एक दिवा? एक घंटी?"

"प्रगती चालू हाय."

"प्रगती ठेवा तुमच्याजवळ. तान्हा पोळा आला. तुमच्या बोर्डावर चालनारा बैल करा अन् गल्लीच्या तोरनाखालून नेऊन दाखवा. गेला, त मी गिरनीचं नाव काहाडत नाही. नाही गेला, त मशीन भंगारात, साहेब दुसरीकडे, अन् खोली माही!"

"मंजूर!" काका म्हणाले. मला कोणी विचारलं नाही.

आमच्याकडे मोठा पोळा खऱ्या बैलांचा, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा लाकडी बैलांचा. चाकांचे बैल सजवून पोट्टे रांगेत उभे राहतात, आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं असतं, झडत्या म्हणायच्या, म्हणजे बैलाच्या कौतुकाचा मोठ्यानं पुकारा करायचा, आणि दोरीनं बैल ओढत तोरणाखालून न्यायचा. दोरीशिवाय, आपल्या पायांनी चालणारा बैल गल्लीनं कधी पाहिला नव्हता.

आता थट्टा बाजूला राहिली. काकू एकदा बोलल्या की बोलल्या. मशीन गेली असती तर काका काय करणार होते? सकाळपासून संध्याकाळपर्यंत ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची वेळ तपासत राहिले असते. आणि मी? एवढ्या वजनाचा माणूस कोण ठेवतो? वर काकूंच्या हातचं झुणका-भाकर-ठेचा. मी मन लावून बसलो. असा बसलो की टेबलाला पाय फुटून जमिनीत रुजतील. काकांनी घोषणा केली, ट्रक त्या दिवशी देवाच्या कृपेनं कमी होते, सुई चालली, आणि बोर्ड निघालं. सरळ, चकचकीत, एक रेघ तुटलेली नाही. काकांनी ते उन्हात धरलं, काकूंना दाखवलं, देवासमोर ठेवलं, मग कपाळाला लावलं.

फक्त ते उलटं होतं.

शिक्क्यावर अक्षरं उलटी कोरावी लागतात तेव्हा कागदावर सुलटी उमटतात, तसंच हे. तांबं पाटीच्या खालच्या बाजूला, पार्ट वरून. म्हणून कापायच्या आधी कॉम्प्युटरला सांगावं लागतं, की नक्षी आरशात दिसते तशी काप. हे सांगायचं राहिलं होतं. काकांनी पार्टांचे पाय वाकवून, ओढून, चुचकारून कसे तरी बसवले. दिवा लागला. मोटरही फिरली. पण मोटरला जाणारी दोन टोकं उजवीडावी झाली होती.

पोळ्याच्या दिवशी अंगणात ट्रायल झाली. बैल सागवानी, शेळीच्या पिलाएवढा, पोटात बोर्ड आणि सेल. काकांनी बटन दाबलं. बैलानं काकांकडे ऐटीत पाहिलं आणि तो ढुंगणाकडून चालायला लागला. मागे मागे, मागे मागे, सरळ स्वयंपाकघरात शिरला आणि पुरणाच्या पातेल्याला धडकून थांबला.

"बोर्ड उलटं झालं का काका?" मी म्हणालो.

"बोर्ड बरोबर हाय."

"मग मोटरच्या दोन वायरी तेवढ्या अदलाबदल करा. एका मिनिटाचं काम आहे."

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना भर स्टँडवर धोतर सोडायला सांगितलं. "वायरी बदलवू? म्हंजे बोर्ड चुकलं म्हून जगजाहीर करू? साहेब, बोर्ड बरोबर हाय. बैल उलटा हाय."

पुरणपोळ्या खाऊन काका जे झोपले ते आडवेतिडवे झोपले. मी खोलीत लोळत होतो. दार ढकलून काकू आत आल्या, बैल काखोटीला.

"साहेब, त्या दोन वायरी कोनत्या?"

"कशाला काकू?"

"सांगा म्हनलं त सांगा ना."

"अहो, तो उद्या चालला नाही तर खोली तुमची. गिरणी तुमची."

"मले समजते थे." काकूंनी बैल उताणा केला. "हरला त मंग हा मानूस वर्षभर तोंड पाडून बसते घरात. असं तोंड पाहत मी लोकाइचं दळन दळू काय? पीठ कडू होईन. दाखवा लवकर, घोरनं थांबलं त उठला समजा."

मी दाखवल्या. काकूंनी सुरीच्या टोकानं स्क्रू ढिले केले, लाल वायर काळीच्या जागी, काळी लालच्या जागी, पोट बंद केलं. "त्याइले सांगसान त पाहा," म्हणाल्या आणि गेल्या. बैल आता पुढं चालणार होता. मी निश्चिंत झोपलो.

दुसऱ्या दिवशी मला ऑफिसला सुट्टी नव्हती. मी गेलो, आणि इकडे काका बैल फडक्यात गुंडाळून गल्लीतल्या सुताराकडे पोचले. पुढचं सुतारानं मला नंतर हसत हसत सांगितलं.

"याचं मुंडकं काहाड," काका त्याला म्हणाले, "अन् मांगं बसव. शेपूट पुढं."

"काहून जी?"

"हा मांगं चालते. मांगल्या बाजूले मुंडकं बसवलं का मंग तो पुढं चालला. सोपा हिसाब हाय."

सुतार बराच वेळ बैलाकडे पाहत राहिला. "काका, याचं ढुंगन मोठं हाय. त्याच्यावर मुंडकं शोभन काय?"

"शोभासाठी नाही, तत्त्वासाठी हाय."

"एकदा बटन दाबून पाहू का?"

"नाही! ट्रायल झाली. सेल उतरून जाईन. मले माहीत हाय हा कोनीकडे जाते थे."

सुतारानं तत्त्व मान्य केलं. मान कापून मागं ठोकली, शेपूट खांद्यांच्या मध्ये खोचलं. गुडघे मात्र जिथल्या तिथे, शेपटाकडे वाकलेले राहिले, त्यामुळे बैल चालायच्या आधीच पळून जायच्या बेतात दिसत होता. काकांनी त्यावर झूल घातली, डोक्यावरून खाली, काही म्हणता काही दिसू दिलं नाही.

संध्याकाळी मी ऑफिसातून धावत आलो, म्हणजे माझ्या परीनं धावत. गल्ली गच्च भरलेली. तोरण बांधलेलं. पोट्ट्यांची रांग लागलेली, आणि त्या रांगेत, नाकातून शेंबूड येणाऱ्या मंडळींच्या मध्ये, टोपी घालून काका. मागची चिमुरडी त्यांना कमरेवर हात ठेवून सुनावत होती, "आजोबा, मी आधीपासून उभी हाय. तुमी मंधात घुसले."

"मी घुसलो नाही. तू मांगं सरकली."

एकेक बैल जात होते. काकू ओट्यावर बसल्या होत्या, मला पाहून त्यांनी भुवई उडवली. मीही उडवली. काम फत्ते. मग काकांचा नंबर आला. त्यांनी मुठीचा माइक तोंडाशी नेला आणि अशी झडती म्हटली, की पाठीमागच्या गल्लीत कुत्री उठली:

"चारा नाही, पानी नाही, खातो फकत सेल!
रस्ता सोडा पोट्टेहो, आला काकाचा बैल!"

आणि झूल ओढली.

मी मुंडकं पाहिलं. मुंडकं होतं तिथं शेपूट पाहिजे होतं. काकूंनीही पाहिलं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. काकूंचा हात तोंडावर गेला. मी "काका, थांबा!" असं ओरडेपर्यंत त्यांनी बटन दाबलं होतं.

बैल तोरणाकडे तोंड करून, मोठ्या दिमाखात, मागे निघाला.

आधी सगळ्या माना त्याच्या मागं वळल्या. मग ती चिमुरडी म्हणाली, "आजोबा, तुमचा बैल घरी चालला." आणि गल्ली फुटली. लोक ओट्यांवरून खाली पडले. एक बाई हसता हसता दुसऱ्याच्या घरात गेली आणि तिथंच जेवली म्हणतात. सुतार खांबाला धरून रडत होता. काकांनी बैलाला पकडलं, उताणा केला, पोट उघडलं. लाल वायर काळीच्या जागी. काळी लालच्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोरणाची पानं पाहायला लागलो. मग त्यांनी ओट्याकडे पाहिलं.

काकू उठल्या. गर्दीतून वाट काढत आल्या, काकांच्या हातातून बैल घेतला, त्याचं पोट बंद केलं. कोणाला काही कळायच्या आत त्या तोरणाखालून पलीकडे गेल्या, बैलाची पाठ तोरणाकडे करून त्याला जमिनीवर ठेवला आणि बटन दाबलं.

बैल मागे मागे चालत आला. आधी शेपूट, मग पोट, मग ते अगडबंब ढुंगण आणि त्यावर बसवलेलं हसरं मुंडकं, अख्खाच्या अख्खा तोरणाखालून अलीकडे आला आणि काकांच्या पायांना टेकून थांबला.

"गेला का नाही तोरनाखालून?" काकूंनी गल्लीला विचारलं. "मी कोनीकून जावं अन् कसं जावं असं कुठी म्हनलं व्हतं?"

गल्लीनं माना डोलावल्या. म्हणजे मशीन राहिली, मी राहिलो, आणि गिरणी गेली. काकूंनी ती आपल्या हातानं तोरणाखालून घालवली होती आणि वर चेहरा असा, की जणू दळण घेऊन आल्या. आता उद्यापासून पुन्हा डोक्यावर डबा आणि दोन्हीकडून ट्रक.

काका बैलाकडे पाहत उभे होते. त्यांची मूठ आपोआप तोंडाशी गेली, पण घोषणा निघाली नाही. त्यांनी मूठ सोडली. टोपी काढली, पुन्हा घातली. पांढरकवड्याला गेलेल्या सगळ्या मुकुटबनकरांना जे कधी ऐकायला मिळालं नाही, जे ट्रकवाल्यांना नाही, खाजवणाऱ्या गल्लीला नाही, ते त्यांच्या गळ्यात अडकलेलं मला स्पष्ट दिसत होतं. हरभऱ्याचा दाणा अडकावा तसं वर-खाली होत होतं.

"बोर्ड," काका जमिनीकडे पाहत पुटपुटले, "उलटं व्हतं. पयलेपासून. माही चूक व्हती."

शेजारच्यांनी ऐकलं. मी ऐकलं. त्या चिमुरडीनंसुद्धा ऐकलं, आणि तिनं लगेच ते मागच्या पोट्ट्याला सांगितलं.

काकूंनी कानावरचा पदर मागं सारला आणि तोरणाच्या पलीकडून विचारलं, "काय म्हनलं? मले आयकू नाही आलं."